अर्ध्या बाई

बायको गेल्यावर नवव्या महिन्यात त्याने तिच्या शाळेत, तिच्याच वर्गावर, तिचीच जागा मागून घेतली. लोकांना गहिवरून आलं. मुख्याध्यापकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सर, त्यांचं काम तुम्ही पुढे नेताय. यापेक्षा मोठं काय असतं?" त्याने मान खाली घातली. मान खाली घातली की लोक पुढचं विचारत नाहीत, एवढं त्या नऊ महिन्यांत त्याला कळलं होतं.

खरं कारण फक्त त्याच्या सासूबाईंना माहीत होतं. त्याला त्या वर्गाच्या मोठ्या बाईंचं उट्टं काढायचं होतं.

तिसरीचा तो वर्ग दोन शिक्षकांचा होता. एकतीस मुलं. त्यातल्या सहाजणांना शिकताना अडचण यायची. मुलं मठ्ठ नव्हती; तोंडी विचारलं तर पटापट उत्तरं द्यायची. पण कुणाला ध आणि घ सारखेच दिसत, कुणाच्या वहीत आकडे उलटे उमटत, कुणाला एका दमात तीन गोष्टी सांगितल्या की त्यातली पहिलीच तेवढी लक्षात राही. अशा मुलांना वेगळ्या खोलीत न बसवता सगळ्यांबरोबरच शिकवायचं, म्हणून वर्गावर दोघी. एक वर्गशिक्षिका, त्या मोठ्या बाई. दुसऱ्या जोडीच्या बाई, ती त्याची बायको. वर्ग दोघींचा, काम निम्मं निम्मं, असं कागदावर होतं. तो स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत हेच काम करत आला होता. त्यामुळे कागदावरचं निम्मं प्रत्यक्षात किती असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी मोठ्या बाई भेटायला आल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाण्याचा पेला नुसताच हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "फार आधार होता हो त्यांचा. सहा वर्षांत झेरॉक्सचं मला कधी बघावं लागलं नाही."

सासूबाई आतून चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या.

मग बाईंनी पर्समधून मुलांनी केलेलं एक कार्ड काढलं. वर रंगीत फुलं, खाली वेड्यावाकड्या अक्षरांत, 'आमच्या अर्ध्या बाईंची खूप आठवण येते.'

"अर्ध्या बाई?" त्याने विचारलं.

"अहो, ती आमची वर्गातली गंमत." बाई हसल्या, मग हसणं बरं दिसत नाही हे लक्षात येऊन सावरून बसल्या. "मी जोडाक्षरं शिकवत होते. मुलांना म्हटलं, हे बघा, मी पूर्ण अक्षर आणि या बाई अर्ध्या. अर्धं अक्षर कसं, एकटं उभं राहू शकत नाही, पूर्णाला चिकटून राहतं. असं पटकन कळलं मुलांना! तेव्हापासून सगळी अर्ध्या बाईच म्हणायची. त्याही हसायच्या."

हसत असणारच. ती कशालाही हसायची. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडांच्या दुखण्याने तिचे पाय सुजायचे. वर्गात मोठ्या माणसाची खुर्ची एकच, ती मोठ्या बाईंची. एकदा ती मुलांच्या बुटक्या खुर्चीवर टेकली, तर बाई म्हणाल्या, "अहो, उभ्या राहा, मुलं हसतात." हे तिने घरी आल्यावर बाईंची नक्कल करून सांगितलं होतं, आणि तो पोट धरून हसला होता. आता रोज सकाळी अंघोळ करताना ते स्वतःचं हसणं त्याच्या कानात यायचं आणि तो नळ मोठा करायचा.

बाई गेल्यावर सासूबाईंनी न प्यालेला चहा मोरीत ओतला. "माझी पोर गेली," त्या म्हणाल्या, "आणि हिची झेरॉक्स गेली."

त्या संध्याकाळी त्याच्या मनात जी गाठ बसली ती बसलीच.

*

पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी त्याला दारातच गाठलं. बाई पन्नाशीच्या, ताठ, आवाज खणखणीत. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं म्हणजे शेवटच्या बाकाला समजलं, अशी त्यांची पक्की समजूत.

"सोपं आहे सर. मी शिकवते, तुम्ही सांभाळा. तुमची सहा, माझी पंचवीस. तुम्ही मागे, तुमच्या सहांपाशी. मधे कुणी बोललेलं मला चालत नाही, माझी लिंक तुटते."

"बरं," तो म्हणाला.

"आणि ते झेरॉक्सचं..."

"मी बघतो."

बाई खूश झाल्या. "अगदी आमच्या बाईंसारखेच आहात हो तुम्ही."

त्याने दात दाखवले. भांडायचं नाही, तक्रार करायची नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. अर्ध्या अक्षराची गंमत बाईंना आवडते ना, मग तीच त्यांना परत करायची. 'पुस्तक' या शब्दातला अर्धा स काढला तर 'पुतक' उरतं. 'गोष्ट'मधला अर्धा ष काढला तर 'गोट' उरतं. लांबून बघणाऱ्याला शब्द धड दिसतो, पण वाचायला जावं तर त्यात काही नसतं. त्याला या वर्गाला इतकं चिकटायचं होतं की आपण आहोत हे बाईंच्या ध्यानातही राहू नये. आणि मग एके दिवशी, योग्य माणसं समोर बसलेली असताना, सुटून यायचं. कुणाला धक्का लावायचा नाही, खोटं बोलायचं नाही. नुसतं सुटून यायचं.

म्हणून तो राबला. वैर साधायला माणूस इतकं चांगलं काम करू शकतो, हे त्याला स्वतःलाही नवीन होतं.

बाई फळ्यापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "पुस्तक काढा, पान बावीस, दुसरा परिच्छेद, जोडाक्षरांखाली रेघा मारा आणि त्यातले तीन शब्द वाक्यात वापरा, चला पटपट!" एका श्वासात पाच कामं. त्याची सहा मुलं पुस्तकापाशीच अडायची. पण त्याने मागून नीट पाहिलं तेव्हा बाईंच्या पंचविसांतली निम्मी पान बावीसपाशी अडलेली होती. तो मागच्या भिंतीला टेकून एक बोट वर करायचा, म्हणजे पुस्तक. दोन बोटं, म्हणजे पान, आणि हातात पानाच्या आकड्याचा पुठ्ठा. बाई फळ्याकडे वळल्या की मुलं मान वळवून मागे बघायची आणि पुढे व्हायची. वजाबाकीत बाई हातच्याची पायरी गिळून टाकायच्या; तो बाकांमधून फिरता फिरता वह्यांवर दशकाच्या घरात नुसतं बोट टेकवत जायचा. सहांतल्या एकीला वर्गात सगळे गोगलगाय म्हणायचे; तिला त्याने प्रत्येक अक्षरासाठी चौकोन आखून दिले, तर तासाला दोन ओळी लिहिणारी ती आठ ओळी लिहायला लागली.

बाईंच्या लक्षात एवढंच आलं की यंदा वर्ग छान चाललाय. "यंदाची बॅचच हुशार आहे," असं त्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगायच्या. तो कोपऱ्यात बसून झेरॉक्सच्या कागदांना टाचण्या मारायचा.

घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "काय जावईबापू, आज किती खड्डा खणला?"

"वीतभर."

"एवढाच? माझी लेक सहा वर्षं तिथे उभी होती. पुरुषभर खणा."

"खणतोय. घाई केली तर माती ढासळते."

"मी डोळे मिटायच्या आत ती मेली त्यात पडली म्हणजे झालं. माझ्या गुडघ्यांचा काही भरवसा नाही."

"तुमचे गुडघे त्यांना बघायला थांबतील."

मग दोघं जेवायला बसत. तिच्या जागी कुणी बसत नसे, आणि दोघांपैकी कुणी तसं म्हणतही नसे.

*

मैना त्याला दुसऱ्या महिन्यात कळली.

तिचं मैना हे नाव मोठ्या बाईंनीच ठेवलेलं. मधल्या रांगेत खिडकीपाशी बसायची. बारीक, तेल लावून चापून विंचरलेली, आवाज असा गोड की ती वाचायला उभी राहिली की दारावरून जाणारा शिपाईसुद्धा थबकायचा. पाहुणे आले, पालक आले, की बाई म्हणायच्या, "मैना, वाच गं!" आणि मैना धडा वाचायची, न अडखळता, चढउतारासकट.

एकदा ती वाचत असताना तो तिच्या मागे उभा होता. तिचं बोट ज्या ओळीवर होतं ती ओळ ती वाचतच नव्हती. ती दोन ओळी पुढे होती. मधल्या सुट्टीत त्याने तिला जवळ बोलावलं आणि धड्याच्या पानावर कोरा कागद ठेवला.

"आता वाच."

मैनाने त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कोऱ्या कागदावर बोट फिरवत अख्खं पान म्हणून दाखवलं.

"कोण म्हणून घेतं तुझ्याकडून?"

"आजी वाचते. मी ऐकते. तीनदा ऐकलं की येतं." मग हळूच, "बाईंना सांगू नका हं, सर. बाई मला हुशार म्हणतात."

त्याने तिला सोप्या चार चिठ्ठ्या दिल्या. साधी अक्षरं ती लावून लावून वाचू शकत होती. जोडाक्षर आलं की दारच बंद. ही सातवी होती. हिला मदत हवी होती, आणि लवकर मिळाली असती तर वर्षभरात गाडी रुळावर आली असती. असली दहा तरी मुलं त्याच्या हाताखालून गेली होती.

त्यासाठी एक अर्ज असतो. त्यावर दोन सह्या लागतात, वर्गशिक्षिकेची आणि जोडीच्या शिक्षकाची. त्याने तो अर्ज काढला, वरची माहिती भरली, आणि हात थांबला. मैना बाईंच्या पंचविसांत होती. नुसती त्यांतली एक नव्हे. ती बाईंचा हुकमाचा पत्ता होती, आणि पत्ता फाटका आहे हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. त्याने अर्जाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. थोडेच दिवस, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्यानंतर मैनाला वाचायला उभं केलं की तो सहज फिरत फिरत तिच्या बाकापाशी यायचा आणि ओठांतल्या ओठांत पहिला शब्द सांगायचा. नवा धडा असेल तर आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला वाचून दाखवायचा. पोरगी निर्धास्त झाली. उभी राहिली की आधी त्याच्याकडे बघायची, मग सुरू करायची.

हे त्याने सासूबाईंना सांगितलं नाही.

*

चौथ्या महिन्यात मुख्याध्यापक वर्गात आले आणि मोठ्या बाईंचं अभिनंदन करून गेले. दोन शिक्षकांचे वर्ग बघायला एक समिती शाळांमधून फिरत होती. या वर्गाचे निकाल सगळ्यांत चांगले. समितीने एक तास बसून पाठ बघायचा, आणि पसंत पडला तर शहरातल्या असल्या सगळ्या वर्गांच्या प्रमुख म्हणून बाईंची नेमणूक. बाईंनी ही जागा दहा वर्षं मनात धरली होती, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं.

"सर, त्या दिवशी काही नवीन करू नका," बाई म्हणाल्या. "नेहमीचं जे आहे ते. मी पुढे, तुम्ही मागे तुमच्या सहांपाशी. मधे फिरू नका, पाहुण्यांना गडबड वाटते."

"तुम्ही म्हणाल तसं."

"लेखी देऊ का?" बाई थट्टेने म्हणाल्या.

"नको, लक्षात राहील," तो म्हणाला.

त्या दिवशी समितीचे तिघं येऊन मागच्या भिंतीशी बसले. त्यांच्यात एक जाड चष्म्याच्या मॅडम होत्या, त्याच मुख्य असाव्यात, कारण बाकीचे दोघं त्या वही उघडेपर्यंत आपली वही उघडत नव्हते. बाईंनी ठेवणीतला आवाज काढला.

"या वर्गाचं वैशिष्ट्य म्हणजे आम्ही दोघं. मी, आणि हे आमचे अर्धे सर!"

मुलं हसली. पाहुणेही जरा हसले. तोही हसला. त्याला वाटलं, बाईंनी स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं.

मग तो कोपऱ्यात आपल्या सहांपाशी त्याच बुटक्या खुर्चीवर बसला आणि हात मांडीवर ठेवले.

"पुस्तक काढा, पान एकतीस, पहिले दोन परिच्छेद मनात वाचा, कठीण शब्दांभोवती गोल करा आणि त्यांचे अर्थ शेजाऱ्याला सांगा, चला पटपट!"

पुस्तकं निघाली. मग मुलांच्या माना मागे वळल्या. एक, दोन, पाच, पंधरा. सगळी त्याच्या बोटांकडे बघत होती. बोटं मांडीवर होती. मुलं बघत राहिली. कुणी पान तेरा उघडलं, कुणी वही काढली, कुणी शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला.

"इकडे! इकडे बघा! मागे काय आहे?" बाई म्हणाल्या. त्यांनी पाचही कामं पुन्हा सांगितली, दुप्पट मोठ्याने. गोंधळ दुप्पट झाला. फळ्याचा डावा कोपरा, जिथे तो रोज सकाळी कामांच्या पायऱ्या एक, दोन, तीन अशा लिहून ठेवायचा, तो कोरा होता, आणि चारपाच मुलं त्या कोऱ्या जागेकडेच बघत बसली होती.

"सर, जरा..." बाई हसत म्हणाल्या.

"मी माझ्या सहांपाशी आहे, बाई," तो नम्रपणे म्हणाला. "मधे फिरू नका म्हणाला होतात."

चष्म्याच्या मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. बाकीच्या दोघांनीही लिहिलं. बाईंच्या कपाळावर घाम आला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याला दिसलं की बाईंना हळूहळू समजतंय. पुरं समजलेलं नाही, पण समजतंय. त्याच्या छातीत इतकं बरं वाटलं की त्याला भीती वाटली. नऊ आणि चार, तेरा महिन्यांत त्याला काही बरं वाटलं नव्हतं.

बाई बुडत होत्या, आणि बुडताना त्यांनी हात घालायचा तिथेच घातला. "मैना! तू वाचून दाखव गं पाहुण्यांना."

मैना उठली. पान एकतीस तिला पाठ होतं, त्यामुळे ती हसत होती.

"एक मिनिट," चष्म्याच्या मॅडम म्हणाल्या. "वाचतेच आहे तर हे वाच बाळ." आणि त्यांनी फाइलमधून एक छापील कागद काढून तिच्या हातात दिला.

मैनाने कागदाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

उठायला फार लागलं नसतं. चार पावलं. एक शब्द ओठांत. नाहीतर नुसतं म्हणायचं, मॅडम, तिला आधी बघायला वेळ द्या. त्याने मान वळवली आणि गोगलगायीच्या वहीतल्या चौकोनांकडे बघत बसला.

मैनाने वाचायला सुरुवात केली. खणखणीत, गोड, चढउतारासकट. पान एकतीस, पहिला परिच्छेद. हातातल्या कागदावर बोट फिरत होतं.

"बाळ," मॅडम म्हणाल्या, "हे त्या कागदावर नाहीये."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी हसली. मैना थांबली नाही. तिने आवाज चढवला आणि दुसऱ्या परिच्छेदात शिरली. थांबलं की वाचावं लागणार, हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही. तिचे कान लाल झाले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती एकही शब्द न चुकता म्हणत होती.

सगळ्यांसमोर कुणाचातरी चेहरा असा व्हावा, हे त्याने तेरा महिने मनात रंगवलं होतं. चेहरा अगदी तसाच झाला होता. माणूस चुकलं होतं.

तो उठला तेव्हा बुटकी खुर्ची कलंडली. "बस, बाळ, बस झालं," तो म्हणाला. मैनाने त्याच्याकडे पाहिलं आणि आणखी मोठ्याने म्हणायला लागली. तो मधल्या रांगेत पोचायच्या आत मोठ्या बाई तिथे पोचल्या होत्या. त्यांनी तिच्या हातातला कागद काढून घेतला, तिचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरलं, आणि त्याने कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "झालं हं, झालं." मग पाहुण्यांना, "मी आजचा पाठ इथेच थांबवते."

बाईंना असं काही करता येतं, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. आणि ते त्याच्याआधी त्यांना सुचलं, याचा त्याला त्या क्षणीही राग आला.

"ही मुलगी तुमच्या सहांत आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मला... मला माहीतच नव्हतं."

"सर, तुम्हाला?"

नाही म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? मैनाने बाईंच्या पोटापासून तोंड जरासं वळवून एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "जवळजवळ तीन महिने. अर्ज भरून पिशवीत ठेवलाय."

"आणि दिला का नाहीत?"

"आजच्या दिवसासाठी," तो म्हणाला.

*

समितीने नकार कळवला. मोठ्या बाईंचं प्रमुखपद हुकलं. त्याला एक मेमो मिळाला. "तुम्हाला काढलं असतं," मुख्याध्यापक म्हणाले, आता त्याचा हात न धरता, "पण तुमच्या जागी यायला कुणी नाही, हीच अडचण आहे."

सासूबाईंना त्याने सगळं सांगितलं. बाई कशा घामाघूम झाल्या ते ऐकताना त्यांनी मांडीवर थाप मारली. मैनाचं ऐकताना थाप मारलेला हात तिथेच राहिला.

"मी मोठीला खड्ड्यात घाला म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात पोर कुठून आली?"

"ती खड्ड्याच्या काठावरच बसली होती. मला माहीत होतं."

सासूबाई उठल्या आणि भांडी घासायला लागल्या, जोरजोरात. त्यानंतर त्यांनी खड्ड्याचं कधी विचारलं नाही.

बाईंनी त्याला जिन्यात गाठलं. "माझा राग होता तर मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

बाईंनी जरा विचार केला. "नसतं ऐकलं," त्या म्हणाल्या. मग, "त्या घरी काय म्हणायच्या माझ्याबद्दल?"

"काही नाही. तुमची नक्कल करायची. छान करायची."

बाईंचा चेहरा पडला. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं, हे त्याला दिसलं. म्हणून त्याने आणखी काही सांगितलं नाही, सांत्वनाचं तर मुळीच नाही.

अर्जावर दोन्ही सह्या झाल्या. मैनाच्या आईनेही संमतीची सही केली. पहिल्या दिवशी तो रुंद ओळींची वही आणि अक्षरांचे पुठ्ठे घेऊन मैनाच्या बाकापाशी गेला, तर तिने दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि त्याच्यावर हनुवटी टेकवली.

"मला सर नको," ती म्हणाली. "बाई हव्यात."

"अगं, बाईंना हे काम..." तो म्हणायला गेला आणि थांबला.

"सर बघतात आणि सांगत नाहीत," मैना म्हणाली. वर्गात तिच्या नावाने अजून कुणीकुणी खिदळत होतं, तरी ती हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मग दुसरा मार्ग नव्हता. रोज पहिल्या तासाला तो फळ्यापाशी उभा राहून तीस मुलांना शिकवायला लागला आणि मोठ्या बाई मैनाच्या शेजारी बसायला लागल्या. त्याने त्यांना काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलं होतं. बाई तो कागद मांडीवर ठेवायच्या आणि चुकायच्या. एकदम दोन पुठ्ठे समोर धरायच्या. मैना अडली की लगेच शब्द सांगून टाकायच्या. हळू बोलताना त्यांना खोकला यायचा. त्याला फळ्यापासून सगळं दिसायचं आणि खडू त्याच्या हातात तुटायचा, पण जाता येत नव्हतं. मैनाने पुन्हा दप्तर मांडीवर घेतलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो फळ्यावर सातचा पाढा लिहीत असताना बाईंनी मान वर केली. मैना एका शब्दावर अडली होती. बाईंचं तोंड शब्द सांगायला उघडलं, मग मिटलं.

"सर," त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "हिला आता काय सांगू?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता. ज्या व्यक्तीला विचारायला हवा होता, तिला तर नाहीच. त्याने डस्टर उचलला आणि फळा पुसायला घेतला, सावकाश, वरपासून खालपर्यंत. बाईंना तसंच बसवून ठेवावं, एकतीस मुलांसमोर, असं त्याच्या फार मनात होतं. पण बाईंच्या शेजारी मैनाही तशीच बसली होती.

"काही सांगू नका," तो फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला. "थांबा. ती लावतेय मनात."

बाई थांबल्या. त्यांना थांबणं जमत नव्हतं. पाय हलत होता, बोटं एकमेकांत अडकत होती, श्वास घेतला जात होता आणि परत सोडला जात होता. मैनाचं बोट शब्दावर जागच्या जागी होतं.

"अजून?" बाईंनी विचारलं.

यातलं किती मैनासाठी आणि किती बाईंसाठी, हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

"अजून," तो म्हणाला.